कांट ते हेगेल, ही शिडी लावली कुणी?

१७९९ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी गाठलेल्या जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने येना शहरातून निघणाऱ्या एका साहित्यविषयक पेपरात चक्क जाहीर निवेदन छापून आणलं. फिश्टे नावाचा प्रोफेसर स्वतःच्या फिलॉसॉफीला कांटचं पुढचं पाऊल म्हणतोय, तर त्याच्या त्या सिस्टिमशी माझा काडीचा संबंध नाही, ती उभीच राहू शकत नाही, असा एकंदर सूर. वर एक इटालियन म्हण पण जोडली, देवा, मित्रांपासून तेवढं वाचव, शत्रूंचं आमचं आम्ही बघून घेऊ.

गंमत अशी की या फिश्टेला नावारूपाला आणला तो कांटनेच. गोफ विणणाऱ्या गरीब बापाचा पोरगा, १७९१ मध्ये क्योनिग्सबर्गला कांटला भेटायला गेला, खिशात पैसे नाहीत म्हणून उसने मागितले, कांटने पैसे दिले नाहीत पण तुझं हस्तलिखित विक म्हणून प्रकाशक गाठून दिला. पुस्तक आलं तेव्हा काही प्रतींवर लेखकाचं नावच नव्हतं आणि लोकांना वाटलं हे म्हाताऱ्याचंच नवीन पुस्तक, तारीफ सुरू झाली, मग कांटने सांगितलं की बाबांनो हे माझं नाही, फिश्टेचं आहे. एका रात्रीत पोरगा स्टार झाला. आणि सात वर्षांनी त्याच कांटने त्याला असं चारचौघांत झटकलं.

हे सगळं सांगायचं कारण असं की आपल्याकडे जर्मन आयडियालिझमची, म्हणजे जग समजायला मनापासून, विचारापासून सुरुवात करणाऱ्या या जर्मन तत्त्वज्ञांच्या परंपरेची गोष्ट जी सांगितली जाते, बी.ए. च्या नोट्समध्ये म्हणा, व्हिडिओंमध्ये म्हणा, ती एकदम गुळगुळीत असते. कांटने सुरुवात केली, त्यात त्रुटी राहिली, ती फिश्टेने भरून काढली, फिश्टेची शेलिंगने, शेलिंगची हेगेलने, आणि हेगेलपाशी शिखर. मग हेगेल १८३१ मध्ये गेला, शिखर कोसळलं, मार्क्स आला, सायन्स आलं, विषय संपला, पुढचा चॅप्टर. माझं म्हणणं एवढंच आहे की ही शिडी या मंडळींच्या डोक्यात नव्हती, ती नंतर लावलेली आहे, आणि लावणारा त्या शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेला माणूस होता. हे लक्षात घेतल्याशिवाय या लोकांची वैचारिक इतिहासातली जागा ठरवायला गेलं की दोन्हीकडून घोळ होतो, त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांचाही आणि भंगारात काढणाऱ्यांचाही.

आधी भांडण काय होतं ते बघू, कारण ते खरंच भारी होतं. कांटचं मुख्य पुस्तक १७८१ चं. त्यात त्याने असं दाखवलं की आपल्याला जग दिसतं ते आपल्या बुद्धीच्या चौकटीतून, स्थळ, काळ, कार्यकारण या चौकटी आपल्या बाजूच्या आहेत, म्हणून सायन्स शंभर टक्के खरं पण ते दिसणाऱ्या जगापुरतं. वस्तू स्वतः मुळात कशी आहे ते आपल्याला कधीच कळणार नाही. हे तो का करतोय? कारण न्यूटनचं जग तंतोतंत नियमांनी चालतं आणि त्यात माणूस पण आला, मग माणूस स्वतंत्र कसा, आणि स्वतंत्र नसेल तर त्याने चोरी केली तर त्याला दोष कुठल्या तोंडाने द्यायचा. कांटची आयडिया अशी की दिसणाऱ्या जगात नियमांचं राज्य राहू दे, पण ते जगच सगळं काही नाही, त्यामुळे स्वातंत्र्याला जागा शिल्लक राहते.

याच्यावर पहिला दणका दिला याकोबी या त्याच काळातल्या जर्मन विचारवंताने, १७८७ मध्ये. तो म्हणाला, ती 'मुळातली वस्तू' मानल्याशिवाय मला या सिस्टिममध्ये शिरता येत नाही, आणि ती मानून मला आत राहता येत नाही. म्हणजे बघा, ती वस्तू आपल्यावर परिणाम करते म्हणून आपल्याला काहीतरी जाणवतं असं म्हणायचं, आणि कार्यकारण मात्र फक्त दिसणाऱ्या जगाला लागू असंही म्हणायचं, मग परिणाम केला कसा? एका वाक्यात माणसाने वर्मावर बोट ठेवलं. हेगेलने आपल्या इतिहासाच्या व्याख्यानांत याकोबीला निदान जागा तरी दिली होती, नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी ती पण काढून घेतली.

सालोमन मायमॉनचं तर नावच कुणी घेत नाही. लिथुआनियाकडचा गरीब ज्यू, तालमुदच्या परंपरेत वाढलेला, जर्मन स्वतःच धडपडून शिकलेला. त्याचं हस्तलिखित १७८९ मध्ये कांटकडे गेलं तेव्हा कांटने कळवलं की माझ्या टीकाकारांपैकी मला इतकं नीट कुणीच समजून घेतलेलं नाही. फिश्टे पण मायमॉनच्या बुद्धीला सलाम करायचा. मायमॉनचा प्रश्न असा होता की तुमच्या बुद्धीच्या चौकटी आणि बाहेरून येणारा कच्चा माल या दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत तर एकीचा दुसरीवर अंमल चालतो हे तुम्ही कशावरून सांगता. हा प्रश्न आजही सुटलाय असं मला वाटत नाही. पण तो शिडीवर बसत नाही ना, त्याने सिस्टिम नाही काढली, शंका काढली, मग त्याला ठेवायचं कुठे, म्हणून गाळला.

आता फिश्टे. त्याचं लेक्चर कसं असायचं याची एक आठवण श्टेफन्स नावाच्या श्रोत्याने लिहून ठेवलीय. फिश्टे वर्गात म्हणाला, भिंतीचा विचार करा. पोरांनी केला. मग म्हणाला, आता ज्याने भिंतीचा विचार केला त्याचा विचार करा. आणि पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले, कुणी चुळबुळ करतंय, कुणी मान वर करून बघतंय, कारण मगाशी विचार करणारा 'मी' पकडायला गेलं की तो हातातून निसटतो, पकडणारा परत 'मी'च. फिश्टेची अख्खी फिलॉसॉफी याच्यात आहे. 'मी' ही वस्तू नाहीच, ती कृती आहे, स्वतःला मांडण्याची कृती, आणि स्वातंत्र्य म्हणजे नियमांच्या जगात कुठेतरी शिल्लक ठेवलेला कोपरा नसून सगळ्याची सुरुवातच तिथून होते. १७९५ मध्ये त्याने एका पत्राच्या मसुद्यात लिहिलं की माझी सिस्टिम ही स्वातंत्र्याची पहिली सिस्टिम, फ्रेंच राष्ट्र माणसाला बाहेरच्या बेड्यांतून सोडवतंय तसं मी त्याला 'मुळातल्या वस्तूं'च्या बेड्यांतून सोडवतोय. म्हणजे हे लोक ढगात बसून गप्पा मारत होते असं जे म्हणतात त्यांनी सनावळी काढून बघावी. पॅरिसमध्ये राजाचं मुंडकं उडालं १७९३ च्या जानेवारीत, फिश्टे येनाला शिकवायला आला १७९४ मध्ये. पाच वर्षांत नास्तिकतेचा आरोप ठेवून त्याला तिथून घालवला.

शेलिंगला फिश्टेचं हे पटलं आणि लगेच खुपलंही. सगळं 'मी'पासून सुरू झालं तर निसर्ग काय फक्त 'मी'च्या वाटेतला अडथळा? तो म्हणाला निसर्ग स्वतःच आत काहीतरी करत असतो, त्याच्यातल्या शक्तींचं मूळ एक आहे, आणि आपलं मन म्हणजे त्याच निसर्गाला आलेली जाग. यातून पुष्कळ भंकस पण निघाली, खोटं कशाला बोला, शेलिंगच्या चेल्यांनी चुंबकापासून वनस्पतींपर्यंत कशाचाही कशाशीही संबंध जोडला. पण त्याच वातावरणात तयार झालेला आणि निसर्गाच्या शक्ती मुळात एक असल्याचं मानणारा डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड १८२० मध्ये विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलताना बघतो आणि वीज आणि चुंबकत्व जोडलेलं असल्याचं जगाला सांगतो, हे पण त्याच खात्यात मांडायला पाहिजे.

आणि मग हेगेल. शेलिंगपेक्षा पाच वर्षांनी मोठा, ट्यूबिंगेनच्या पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात कवी होल्डरलिन आणि शेलिंग यांच्याबरोबर एका खोलीत राहिलेला. शेलिंग तेविसाव्या वर्षी प्रोफेसर झाला आणि हेगेल बिचारा घरगुती शिकवण्या, मग बांबेर्गला पेपरचा एडिटर, मग न्यूरेंबर्गला शाळेचा हेडमास्तर असं करत करत शेवटी १८१८ मध्ये बर्लिनला पोचला. १८०७ च्या पुस्तकात त्याने एक वाक्य टाकलं, ज्या रात्री सगळ्या गायी काळ्याच दिसतात ती रात्र, शेलिंगच्या 'सगळं एकच' या पद्धतीला मारलेला टोमणा. शेलिंगला ते झोंबायचं तेवढं झोंबलं आणि दोस्ती संपली. म्हणजे बघा, कांटने फिश्टेला झटकलं, फिश्टे आणि शेलिंगचं फाटलं, शेलिंग आणि हेगेलचं फाटलं. पायऱ्या एकमेकींना पायरी मानायलाच तयार नाहीत आणि आपण म्हणतो शिडी.

शिडी आली बर्लिनच्या लेक्चर हॉलमधून. होथो नावाच्या विद्यार्थ्याने त्या लेक्चरचं वर्णन केलंय, हेगेल मान खाली घालून बसायचा, मोठ्या वहीची पानं पुढे मागे उलटत राहायचा, सारखा खोकायचा, खाकरायचा, प्रत्येक वाक्य सुटं सुटं आणि कष्टाने बाहेर पडायचं, आणि ते पण पक्क्या स्वाबियन हेलात. पण याच माणसाने फिलॉसॉफीच्या इतिहासाची अशी मांडणी केली की प्रत्येक विचार त्याच्या काळापुरता बरोबर, त्याच्यात विसंगती, ती पुढच्यात मिटणार, आणि शेवटचा भाग कांट, फिश्टे, शेलिंग असा चढत जाऊन 'निष्कर्षा'पाशी थांबायचा. तो वारल्यावर शिष्यांनी पोरांच्या वह्या जमवून ही लेक्चरं छापली आणि तीच युरोपभर इतिहास म्हणून वाचली गेली. पुढे १९२० च्या दशकात रिखार्ड क्रोनरने 'कांटपासून हेगेलपर्यंत' याच नावाचे दोन खंड लिहिले, आणि मग तर ते पक्कंच झालं. थीसिस, अँटिथीसिस, सिंथेसिस हे जे गाईडमध्ये हेगेलच्या नावावर असतं ते सूत्र म्हणून त्याचं नाहीच बरं का, ते तिक्कल फिश्टेकडे सापडतं, हेगेलच्या नावावर ते चिकटवलं खालिबेउस नावाच्या जर्मन प्राध्यापकाच्या १८३७ च्या पुस्तकाने. तरी अजून दहा मार्कांच्या प्रश्नाला तेच उत्तर चालतं.

शिडी मान्य केली की शेवट पण मान्य करावा लागतो, हेगेल गेला म्हणजे संपलं. पण १८४१ चा नोव्हेंबर बघा. प्रशियाच्या नव्या राजाने सहासष्ट वर्षांच्या शेलिंगला मुद्दाम बर्लिनला बोलावलं, हेगेलचं भूत उतरवायला. हॉल खचाखच. आणि समोर बसलेल्यांत कोण कोण, तर पुढे मार्क्सचा साथीदार झालेला विशीतला एंगल्स, अराजकवादी व्हायच्या वाटेवरचा बाकुनिन, डेन्मार्कहून आलेला किर्केगॉर आणि पुढे इतिहासकार म्हणून गाजलेला बुर्खार्ट. शेलिंगचा मुद्दा असा की विचारातून फक्त 'काय असू शकेल' हे काढता येतं, 'आहे' हे काढता येत नाही, काहीतरी आहे ही गोष्ट विचाराच्या आधीची. किर्केगॉर सुरुवातीला हरखून गेला आणि थोड्याच महिन्यांत घरी पत्र लिहिलं की शेलिंग असह्य बडबड करतो. पण तो मुद्दा मात्र घेऊन गेला. एंगल्सने तिथेच हेगेलच्या बाजूने शेलिंगविरुद्ध लिहिलं. म्हणजे पुढच्या शंभर वर्षांच्या युरोपातल्या विचारांची अर्धी भांडणं त्या एका हॉलमधून बाहेर पडली, आणि ज्याने ती लावून दिली तो शिडीवर हेगेलच्या खालच्या पायरीवर उभा दाखवला जातो!

मार्क्सचं तर सगळ्यांना माहीतच असतं, त्यामुळे एवढंच सांगतो की १८७३ मध्ये, जेव्हा जर्मनीत हेगेलला मेलेलं कुत्रं समजायची फॅशन होती, तेव्हा त्याने छातीठोकपणे लिहिलं की मी त्या महान विचारवंताचा शिष्य आहे.

भंगारात काढणाऱ्यांचं पण ऐकलं पाहिजे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने १९४५ च्या पुस्तकात हेगेलला हुकूमशाहीचा बाप ठरवून टाकलं. हे पुस्तक त्याने युद्ध चालू असताना न्यूझीलंडमध्ये बसून लिहिलं, त्याचा संताप समजण्यासारखा आहे, पण काउफमान या अभ्यासकाने १९५१ मध्ये दाखवून दिलं की पॉपरने विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या निवडक उताऱ्यांवर भिस्त ठेवली आणि वाक्यं इकडची तिकडची जोडली. असं असलं तरी पॉपरचा एक मुद्दा मला खोडता येत नाही, हेगेलची भाषा इतकी दाट आहे की समजलं नाही तर वाचकाला स्वतःचीच लाज वाटते, आणि अशा लाजेवर गुरूचा दरारा पोसला जातो. हे फक्त हेगेलचंच आहे असंही नाही म्हणा, आपल्याकडे पण अशा दराऱ्याची कमी नाही.

पॉपरपेक्षा मोठी तक्रार वेगळीच आहे आणि ती शिडीतूनच निघते. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या या मंडळींनी माणसं कुठवर मोजली? फिश्टेने १७९३ मध्ये ज्यूंबद्दल लिहिलं की त्यांना नागरी हक्क द्यायचे तर एका रात्रीत सगळ्यांची डोकी कापून दुसरी बसवावी लागतील. हेगेलने आफ्रिकेला इतिहासच नाही असं सांगून एका झटक्यात अख्खा खंड बाहेर काढला. आणि हे कधी, तर हैतीच्या गुलामांनी उठाव करून १८०४ मध्ये स्वतःचं स्वतंत्र राष्ट्र उभं केल्यावर, ज्याच्या बातम्या हेगेल वाचत असलेल्या 'मिनर्वा' मासिकात छापून येत होत्या, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी त्याच्या पुस्तकात मालक आणि दास यांच्या झुंजीचं ते प्रसिद्ध प्रकरण आलं. सुझन बक-मॉर्स या अमेरिकन अभ्यासिकेने २००० साली हे दोन धागे जोडून दाखवले. ते प्रकरण हैतीवरूनच सुचलं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, पण माहीत असून पुढे आफ्रिकेबद्दल असं बोलणं, याला काय म्हणायचं.

भारताचंही तेच. बर्लिनच्या इतिहासावरच्या लेक्चरमध्ये भारत खालच्या पायऱ्यांवर, स्वप्नात हरवलेला, इतिहास न लिहिणारा. १८२७ मध्ये जर्मन भाषाअभ्यासक हुम्बोल्टच्या गीतेवरच्या निबंधाचं त्याने लांबलचक परीक्षण केलं, त्यात हुम्बोल्टला जे भव्य वाटलं ते याला कंटाळवाणं आणि पोकळ वाटलं. पण याच सुमारास कंपनीचा अधिकारी कोलब्रुक याचे भारतीय दर्शनांवरचे निबंध लंडनहून छापून आले, ते हेगेलने वाचले आणि लेक्चरमध्ये कबूल केलं की भारतीय फिलॉसॉफीची नेमकी माहिती आपल्याला आता कुठे मिळतेय. सांख्य, न्याय यांच्यावर तो मग बऱ्यापैकी बोललाय. माहिती बदलली, मत थोडं हललं, शिडी मात्र जागची हलली नाही.

आता याला आपल्याकडचं उत्तर काय असतं? एक तर हेगेल वर्णद्वेषी म्हणून फेकून द्या. नाहीतर शोपेनहावर या दुसऱ्या जर्मन तत्त्वज्ञाने उपनिषदं कशी डोक्यावर घेतली ते सांगत सुटायचं आणि शेवटी, हे जे जर्मनांना एकोणिसाव्या शतकात सुचलं ते आमच्या शंकराचार्यांनी हजार वर्षं आधी सांगून ठेवलंय. मला हे दुसरं उत्तर जास्त खटकतं, कारण ते हेगेलचीच शिडी उचलून उलटी लावतं, फक्त वरच्या पायरीवर आपण. फिश्टेचा 'मी' आणि अद्वैतातला आत्मा एकच असं म्हणणाऱ्याने फिश्टेचा 'मी' कशासाठी धडपडतोय ते वाचलेलंच नसतं, तो कृती करायला, जग बदलायला, कर्तव्य पार पाडायला निघालेला आहे, त्याला कर्तेपणातून सुटायचंच नाहीये.

खरा संबंध शोधायचा तर तो यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहे. टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात गीतेवरचा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांच्यासमोर कांट होता आणि ऑक्सफर्डचा ग्रीन होता, म्हणजे जर्मन विचार इंग्लंडच्या मातीत रुजवणारा माणूस, आणि कर्मयोगाची बाजू मांडताना टिळक त्याला सोबतीला घेतात. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, तिथे त्यांना अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई भेटला, आणि ड्युईने पुढे १९३० मध्ये स्वतः लिहिलं की हेगेलच्या सहवासाने माझ्या विचारात एक कायमचा थर सोडलाय. याचा अर्थ आंबेडकर हेगेलवादी होते असा अजिबात नाही. पण समाज ही सुट्या माणसांची बेरीज नसून एकमेकांत मिसळून जगण्याची रीत आहे, ही ड्युईची धारणा जिथून आली तिथे मागे बर्लिन आहेच. एकाच सोर्समधून एकाला गीतेचा कर्मयोग मांडायला मदत झाली आणि दुसऱ्याला जात मोडायला, आणि शिडीच्या गोष्टीत हे कुठेच बसत नाही.

आणि मग अमळनेर. खान्देशातल्या या गिरणीच्या गावात प्रताप शेठ यांच्या पैशातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं आणि तिथून १९३० मध्ये कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचं कर्त्याच्या स्वातंत्र्यावरचं छोटंसं इंग्रजी पुस्तक निघालं, हेगेलइतकंच दाट, तेव्हा ज्याला अवघड जर्मनांचा राग येतो त्याने इथेही तयारीनेच जावं. भट्टाचार्य कांटला वेदान्ताच्या वाटेवरची पायरी म्हणत नाहीत आणि वेदान्ताला कांटच्या मापात कोंबत पण नाहीत. ते त्याच्याशी भांडतात. कांट म्हणतो आत्म्याचा विचार करणं आपल्याला भाग आहे, नीतीसाठी त्याच्यावर श्रद्धा ठेवणं भाग आहे, पण तो जाणता येत नाही. भट्टाचार्य १९३६ च्या एका निबंधात याला सरळ उलटं उत्तर देतात, आत्म्याचा विचारच करता येत नाही, आज तो प्रत्यक्ष जाणलेलाही नाही, श्रद्धेचाच विषय आहे, पण विचाराशिवाय तो जाणता येण्याची शक्यता मात्र मान्य करावीच लागते. हे पटो न पटो, पण याकोबी आणि मायमॉनने कांटला जसं गाठलं होतं तसंच इथे त्याला गाठलंय, त्याच्याच प्रश्नावर. पण जर्मन आयडियालिझमचा पेपर शिकवताना हा निबंध मायमॉनच्या शेजारी लावायला आपले सिलॅबस बनवणारे तयार होत नाहीत, भट्टाचार्यांना ते 'आधुनिक भारतीय विचार' या वेगळ्या पेपरात टाकतात आणि कांटच्या पेपरात परत तीच शिडी.